चार भडक दिवे

“हा लावून दाखवा,” नाझिम म्हणाली, आणि दुकानदाराने खटका दाबला.

लालभडक दिवा पेटला. अल्माटीच्या त्या दुकानाची अर्धी भिंत तांबडी झाली. नाझिमने चोरून सासूकडे पाहिलं. कुल्पाशआपांना भडक रंग मुळीच खपत नसे. लग्नात आलेले लाल पडदे त्यांनी आठव्या दिवशी उतरवले होते, डोकं उठतं म्हणून.

“कुठे लावायचा?” आपांनी विचारलं.

“बैठकीत.”

“बरं. घे.”

नाझिमचा अंदाज चुकला. आपांनी कपाळाला आठ्या घालाव्यात, ‘असल्या सर्कशीत मी राहायची नाही, मी आपली थोरल्याकडे बरी’ म्हणावं, यासाठी तर हा सगळा खटाटोप होता. धाकट्या मुलाचं घर ते आईचं घर, हे कझाखांत कुणी कुणाला विचारत बसत नाही. ताल्गार गावातलं राहतं घर विकून आपा मुला-सुनेबरोबर नव्या फ्लॅटमध्ये येणार, हे सगळे धरूनच चालले होते. ‘येऊ नका’ म्हणणारी सून अजून जन्मायची होती. आणि नाझिमला लग्नाच्या तीन वर्षांत एकदा तरी नवऱ्याबरोबर दार लावून बसायचं होतं. आपा वाईट नव्हत्या हो. पण त्या होत्या, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत.

तिने स्वयंपाकघरासाठी पिवळा जर्द मागितला.

“घे,” आपा म्हणाल्या.

तिने पोपटी मागितला.

“घे.”

गिऱ्हाईक असं चढत चाललेलं पाहून दुकानदार चेकाळला. शिडी लावून त्याने वरचा, दोन वर्षं कुणी न नेलेला जांभळा दिवाही पेटवला. नाझिमला तो बघवेना. चार दिवस कसेबसे काढू, मग चारही गुपचूप बदलून टाकू, असा तिचा बेत होता.

“हा तुमच्या खोलीत, आपा,” ती म्हणाली. “पलंगाच्या बरोबर वर.”

आपा स्टुलावर बसल्या. डोक्याच्या पांढऱ्या रुमालावर जांभळा उजेड घेऊन त्या दिव्याकडे बघत राहिल्या. नाझिमला स्वतःची शरम वाटली. पण आता माघार कशी घ्यायची? बोला, आपा, एकदाचं बोला.

“सूनबाई भलत्या हौशी आहेत, आपा!” दुकानदार म्हणाला.

“हौशी? हिच्या कपाटात राखाडीशिवाय दुसरा रंग शोधून दाखव.” आपा उठल्या. “चारही बांध. माझ्याकडून भेट.”

त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले आणि तिथेच नव्या घराला आशीर्वाद दिला. घरात भांडण न शिरो, पाळणा हलो, आणि हे दिवे जिथे लागतील तिथेच राहोत. आशीर्वाद घेतल्याची खूण म्हणून दुकानदाराने तोंडावरून हात फिरवले. नाझिमनेही फिरवले. न फिरवून सांगते कुणाला? मोठ्यांनी आशीर्वाद देऊन दिलेली भेट परत करता येत नाही, उतरवून ठेवता येत नाही. बदलायचा बेत बारगळला. आता हे दिवेही जन्माचे आणि आपाही. नाझिमला रडू फुटायचंच बाकी होतं.

“जांभळा पाळण्याच्या खोलीत लाव,” आपा म्हणाल्या. “मला खोली नको. घर विकायचा व्यवहार मी गेल्याच आठवड्यात मोडला. मीही कधी कुणाची सून होते, पोरी.”

नाझिमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “आपा, मग आधीच का नाही सांगितलंत?”

“तू बोलतेस का, वाट बघत होते,” आपा म्हणाल्या. “तोंडाने बोलली असतीस, तर तुझ्या आवडीचे घेऊन दिले असते.”