कुंपणापलीकडचा ओंडका

गेली अकरा वर्षे भास्करराव सोनटक्के भोपळ्याच्या फुलांना कुंचल्याने पराग लावीत असत, कारण गावात एकही मधमाशी वा भुंगा उरला नव्हता. आता प्रयोगशाळेत जन्मलेल्या मधमाश्यांची पेटी गल्लीत येणार होती. परंतु तपासणी होऊन ती एकाच परसाला मिळणार होती.

शेजारच्या अनसूयाबाई घुगे यांच्या परसात गवत माजले होते. तरीही लोक त्यांच्याच परसाची स्तुती करीत, आणि ती ऐकून भास्कररावांच्या अंतःकरणात निखारे फुलत. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी आपले परस खरवडून, शेणाने सारवून लख्ख केले आणि शेवग्याचा कुजका ओंडका गुपचूप कुंपणापलीकडे लोटला.

तपासणीस बाईंनी सारवणाला जमिनीतल्या किड्यांची चाहूल टिपणारे श्रवणयंत्र लावले. "काका, ही जमीन मुकी झाली आहे."

"स्वच्छ आहे, म्हणून," भास्करराव अभिमानाने उत्तरले.

पलीकडे यंत्र ओंडक्याला टेकताच गुणगुणू लागले. तपासणीस बाई ओंडक्याशी वाकल्या. "आत जिवंत भुंगे आहेत. पेटी इथेच."

"अगं बाई, हा ओंडका माझा नव्हे," अनसूयाबाई म्हणाल्या. "भाऊजी, तुमचा का?"

सारी गल्ली पाहत होती. आपला म्हणावे, तर तो तिकडे कसा गेला, हेही सांगावे लागणार होते.

"नाही," भास्करराव म्हणाले.

आठवड्याने त्यांच्या फुलावर एक काळा भुंगा येऊन बसला.

"भाऊजी, माझा भुंगा आला का हो तिकडे?" कुंपणापलीकडून प्रश्न आला.

भास्कररावांनी कुंचला खाली ठेवला.

"आला आहे. तुमचाच आहे."