आलो की आले

"मी माझी ठेव न्यायला आले," तेजल चौगुले चौथ्यांदा म्हणाली.

यंत्राने चौथ्यांदा नकार दिला. "आवाज जुळतो, क्रियापद जुळत नाही. ठेवीदार 'आलो' म्हणाला होता."

नऊ वर्षांपूर्वी, उपचार सुरू होण्याआधी, तेजलने पुण्याच्या या बीजपेढीत आपलं बीज गोठवून ठेवलं होतं. तेव्हा ती जगाच्या लेखी मुलगा होती.

"एकदा 'आलो' म्हणून टाका ना, मॅडम," काउंटरवरचे पेंडसे गोड हसले.

त्या हसण्यानेच तेजल सावध झाली. "आणि यंत्र ते कुठे नोंदवतं?"

"बाळाच्या जन्मदाखल्यावर," पेंडसे पुटपुटले. "'आलो' म्हणणारा बाप, 'आले' म्हणणारी आई. आपोआप."

"मग नाही म्हणणार," तेजल म्हणाली.

बाकावरून तिची आई उठून आली. "मी बी जन्मभर 'आलो'च म्हणतो की! आमच्या कोल्हापुरात सगळ्या बायका म्हणत्यात." तिने यंत्राकडे संशयाने पाहिलं. "ह्याला पुण्यात शिकवलंय व्हय?" आणि ती परत जाऊन बसली.

पेंडशांनी नाइलाजाने बोलीच्या रकान्यात 'कोल्हापुरी' भरलं.

"मी माझी ठेव न्यायला आलो," तेजल अगदी आईच्या हेलात म्हणाली.

कुलूप उघडलं. यंत्र म्हणालं, "या बोलीत क्रियापदावरून कळत नाही. ठेवीदार बाप की आई, स्वतः सांगा."

"आई," तेजल मोठ्याने म्हणाली.

"आलो," मागच्या बाकावरून उत्तर आलं.