दहा दिवस

"बाळंतिणीनं दहा दिवस जमिनीला पाय लावायचा नाही," म्हणत सासूबाईंनी गोधडी पुन्हा माझ्या पायांखाली खोचली. सिझेरियनला दोन दिवस झाले होते. कानाला स्कार्फ, खिडकी बंद आणि कॉटला चिकटून त्यांचं स्टूल. उतरायला वाटच नव्हती.

सिस्टर कावल्या. "आजी, चालू द्या तिला! पडून राहिली तर पायात रक्ताची गुठळी होईल. पाय सुजतो, गुठळी फुफ्फुसात गेली तर माणूस जागच्या जागी जातो."

सासूबाई भांडायच्या बेतात होत्या, त्या थांबल्या. "एकच पाय सुजतो का हो?"

"बहुतेकदा एकच."

त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. "माझी धाकटी बहीण इंदू बाळंतपणात नवव्या दिवशी गेली. डावा पाय टम्म सुजला होता. सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय." त्यांनी गोधडीचं टोक धरलं. "रोज म्हणायची, ताई, जरा उठू दे. मीच उठू दिलं नाही."

मग त्यांनी गोधडी ओढून काढली, स्टूल पायानं सरकवलं आणि हात पुढे केला.

"ऊठ, इंदू."

माझं नाव इंदू नाही. मी उठले.