परतीची तारीख

शिक्षकांच्या एका वेबसाइटवरून खैरनार बाईंनी ती युक्ती उचलली होती. शाळेच्या वाचनालयाची यादी कॉम्प्युटरवर चढवायची, म्हणजे पुस्तकाची मुदत संपली की पालकांच्या फोनवर आपोआप मेसेज जातो. पहिल्याच दिवशी बेचाळीस मेसेज गेले. त्यातला एक कुंभारकरांच्या घरी गेला. ‘वैदेहीचे पालक, कृपया पुस्तक परत करावे.’ सहावीतली वैदेही डेंग्यूनं गेली त्याला तीन महिने झाले होते, आणि यादीतून तिचं नाव काढायचं बाई विसरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील देवमाशांचं पुस्तक घेऊन वाचनालयाच्या दारात उभे राहिले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलंच माझं, भाऊ. पुस्तक राहू द्या तुमच्याकडेच. मी आत्ता तिचं नाव काढते.”

“काढू नका.” त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. “हे पोरीनं दुमडलंय. तिची आई रोज इथपर्यंत वाचते, पुढं जात नाही. आणखी पंधरा दिवस वाढवून द्याल का?”

बाईंनी तारीख वाढवली. “मेसेज तेवढा बंद करते,” त्या हळूच म्हणाल्या.

पुस्तक पिशवीत घालता घालता ते थांबले.

“नको, बाई. येऊ द्या. ‘वैदेहीचे पालक’ असं आता दुसरं कुणीच म्हणत नाही आम्हाला.”