पूजेत बसलेलं मशीन

"मशीन पूजेत बसलंय," प्रभंजन म्हणाले आणि त्यांनी देव्हाऱ्याकडे हात केला.

उत्तर बिनतोड होतं. खंडेनवमीची सकाळ. चौरंगावर विळी, कात्री, पकड, आणि मधोमध नवीन, मोठं, बिनवायरीचं ड्रिल मशीन. बॅटरीला कुंकू लावलेलं, टोकाला झेंडूचं फूल खोचलेलं. एकदा पूजेत बसलेल्या हत्याराला दसरा उजाडल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे काय सांगायला हवं?

दारात मशीन मागायला सटवाजी उभे होते. ते खालच्याच मजल्यावर राहत. कमरीपेठेत त्यांचं बांगड्यांचं दुकान. संध्याकाळी त्यांच्या नातीचं बारसं होतं, कलघटगीहून पाहुणे निघालेसुद्धा होते, आणि पाळणा अजून जमिनीवर पडून होता. भाड्याच्या घराच्या स्लॅबला हूकच नव्हता. सुतार काल येतो म्हणाला आणि आला नाही. आज आयुधपूजा, सगळ्या हुबळीत कुणी सुतार फिरकणार नव्हता. प्रभंजनांनी भाड्याचा, स्टँडवरचा पाळणा आणण्याचा सल्ला देऊन पाहिला.

"त्या पाळण्यात माझा बाप झोपलाय, मी झोपलोय, माझं पोरगं झोपलंय," सटवाजी म्हणाले. "आता हिनं एकटीनंच भाड्याच्यात झोपायचं व्हय, सायेब?"

खरी गोष्ट वेगळीच होती. प्रभंजनांनी मागणाऱ्याला स्कूटर दिली असती, घराची किल्लीही दिली असती. मशीन मात्र नाही. त्यांच्याकडे दोन होती. कोर्टातून आले की ते दोन्ही जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडत आणि बायकोला, हेमावतीला, फरक समजावत. लहान हलकं, लाकडाला उत्तम. मोठं जड, पण ठोकत ठोकत काँक्रीटमध्ये शिरणारं. याची बॅटरी त्याला चालत नाही, हे तर ते दोन भाऊबंदांचं वाकडं असावं अशा सुरात सांगत. घरच्या भिंतींना इतकी भोकं पडली होती की हेमावती आता टांगायला वस्तू विकत आणत असे.

लहान मशीन पूजेत नव्हतं; ते चार्जिंगला होतं. द्यायचंच झालं तर लहान, असं प्रभंजनांचं धोरण होतं. त्याची भरपूर स्तुती करून त्यांनी ते सटवाजींच्या हवाली केलं.

थोड्याच वेळात सटवाजी परत आले. केस, मिशा, भुवया, सगळं पांढरं. गिलावा तेवढा निघाला होता, स्लॅब जागचा हलला नव्हता. लहान मशीन त्यांनी टेबलावर ठेवलं आणि चौरंगाकडे बघत उभे राहिले.

स्वयंपाकघरातून हेमावती बाहेर आली. चिडली की ती मराठी सोडून कानडीत शिरायची. आता तिने नवऱ्याला एकच शब्द सुनावला.

"कोड्री." द्या.

पूजा मोडेल, प्रभंजन पुटपुटले. देवी कोपेल.

"आज नवमी. खाली घरात मुलगी आलीय. तिच्या पाळण्याला हूक मिळाला म्हणून देवी कोपेल की तुम्ही मशीन लपवलंत म्हणून?"

हेमावतीने मशीनवर अक्षता टाकल्या आणि गणपती हलवतात तसं ते चौरंगावर जरासं सरकवलं. म्हणाली, "हललं. उचला आता."

प्रभंजनांनी उचललं, पण अट घातली: चालवणार मीच. माझ्या हातातून ते कुणाच्या हातात जायचं नाही.

खाली सटवाजींच्या घरात ते स्टुलावर चढले. बटण दाबलं आणि मशीन असं गरजलं की बाळंतिणीच्या खोलीतून बाळानेही सूर लावला. धुरळा उडाला, फूल कधीच उडून गेलं होतं, आणि टोक स्लॅबमध्ये शिरलं, शिरतच गेलं. प्रभंजनांना आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. नुसत्या भिंतीला भोक पाडणं वेगळं आणि हे वेगळं. हूक बसला. खात्री करायला सटवाजी स्वतः त्याला दोन्ही हातांनी लोंबकळले, पाय वर घेऊन, धोतर सावरायचं विसरून. घरातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या.

संध्याकाळी पाहुण्यांनी घर भरलं. दाराशी प्रभंजन बसले होते, मांडीवर मशीन घेऊन. बाजूला ठेवा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं.

पाळणा सजला. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून वरून फिरवायचा, बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आणि इथेच गाडी अडली. मिक्सर घेतल्यापासून वरवंटा गावीच राहिला होता. सून शरमली, सटवाजींची थोरली बहीण शांताक्का इकडे तिकडे बघू लागली, आणि तिची नजर दारापाशी येऊन थांबली.

"वजनाला बरोबर हाय," ती म्हणाली. "आन् कुंकूबी लागलंय."

प्रभंजन नाही म्हणेपर्यंत मांडी रिकामी झाली होती. मशीनला कुंची चढली, टोपडं चढलं. एकीने पाळण्याखालून दिलं, दुसरीने घेतलं. दुसरीने वरून दिलं, तिसरीने घेतलं. बायकांना हसू आवरत नव्हतं, आणि प्रभंजनांचा जीव मशीनबरोबर खालीवर होत होता. शांताक्काच्या हातात येताना टोपड्याकडची बाजू एकदम कलली.

प्रभंजन गुडघ्यांवर उठले.

"मानेखाली हात धरा की, अक्का."