मागचा टायर

निरंजनच्या अवजड टूरिंग मोटरसायकलचा मागचा टायर कधी बारा हजार किलोमीटरच्या पुढे गेला नाही. "तू मागं बसतेस ना, म्हणून झिजतो," असं तो स्वप्नालीला चिडवायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

या खेपेला टायर आठ हजारांतच मधोमध गुळगुळीत झाला. काळेवाडीच्या टायरवाल्या भैरूभाऊंनी त्यावरून बोट फिरवलं. "राव, हवा दोघांच्या वजनाची भरता आणि गाडी एकटेच चालवता. मग मधेच झिजणार. वहिनी येत नाहीत का हल्ली?"

स्वप्नालीचं वर्षश्राद्ध परवाच झालं होतं.

नवा टायर चढवून भैरूभाऊंनी हवेची नळी हातात घेतली. "आता एकट्यापुरतीच भरतो."


"नको भाऊ. दोघांचीच भरा."