काम ते काम

"मास्टर, मी हे बटण तिरकं लावलंय का हो?" साहेबांनी शर्ट उजेडाकडे धरला.

"छे, एकदम झकास," शिंपी म्हणाला आणि मनातल्या मनात त्याने एक शिवी हासडली.

बटण तिरकंच होतं. पण म्हाताऱ्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं म्हटल्यावर असली चार बटणं पुन्हा उसवून लावायला शिंप्याची ना नव्हती.

साहेब परदेशी. निवृत्त झाल्यावर मुलाच्या मागोमाग या शहरात आले, रिटायरमेंट व्हिसावर. समोरच्याच इमारतीत मुलाचा फ्लॅट. मुलगा-सून कामाला गेले की साहेब खाली उतरायचे आणि शिंप्याच्या दुकानात येऊन बसायचे, कारण अख्ख्या गल्लीत त्यांची भाषा बोलणारा हा एकटाच.

"कुठे शिकलात आमची भाषा?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"तुमच्याकडे होतो काही वर्षं. कामाला."

"अस्सं," म्हणून साहेबांनी विषय बदलला. कुठे होतात, का परत आलात, काही म्हणता काही नाही. यांना कशाला आठवतंय, शिंपी मनात म्हणाला. खिडकीपुढे रोज ढीगभर माणसं उभी राहायची, कुणाकुणाची तोंडं लक्षात ठेवणार.

त्याला मात्र सगळं लख्ख आठवत होतं. परमिटची कचेरी, काचेमागे हाच चेहरा. शिंप्याचं वर्क परमिट शिवणकामाचं. शेजारचा इस्त्रीवाला तापाने फणफणला म्हणून याने त्याच्या दुकानात उभं राहून लोकांच्या पँटी इस्त्री करून दिल्या. तेही फुकट. कुणीतरी चुगली केली.

"पैसे घेतले की नाही हा प्रश्नच नाही," साहेब काचेमागून म्हणाले होते. "काम ते काम. परमिट रद्द."

बायको आणि छोटी पुढच्याच आठवड्यात तिकडे यायच्या होत्या. छोटीचं तिकडच्या शाळेत नावसुद्धा घातलं होतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. दोन शिपायांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर दुकानातून उचललं आणि पायातल्या स्लिपरवर विमानात बसवलं. इकडे येऊन लोकांच्या बाह्या आखूड करता करता त्याने हे वीतभर दुकान उभं केलं, पण तो पाणउतारा काही गळ्याखाली उतरला नाही.

आणि आता तोच माणूस इकडे परदेशी झाला होता. रिटायरमेंट व्हिसावाल्याने इथे राहावं, खावं, हिंडावं, पण काम करायचं नाही. पगार घ्या नाहीतर नका घेऊ. कायदा इथेही तोच आहे हे कळलं, तेव्हा शिंप्याला हसू आवरेना.

"रिकामं बसवत नाही हो," साहेब एकदा म्हणाले. "काहीतरी द्या की हाताला."

शिंप्याने लगेच बटणांचा डबा पुढे सरकवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपली खुर्ची आपणच ओढून दर्शनी काचेपाशी नेली. इथे उजेड बरा आहे म्हणे. मासा आपण होऊन गळाला लागत होता.

"घरी करमत नाही वाटतं?" शिंप्याने सहज विचारलं.

"कसं करमेल? तिकडच्या घराला कुलूप. जातो म्हटलं की मुलगा म्हणतो, एकटे कसे राहाल, पडलात-बिडलात तर? पासपोर्टसुद्धा त्याच्याच कपाटात. जन्मभर लोकांचे पासपोर्ट तपासले, आता माझाच मला बघायला मिळत नाही."

शिंप्याला बरं वाटलं. भोगा म्हणावं. एकुलता एक मुलगा, त्याच्यापासूनही आता तुटशील. एकदा हाकलला की पुन्हा या देशात पाऊल ठेवू देणार नाहीत. आमच्या पोरीचं भविष्य एका शिक्क्यात मोडलंस, तर घे.

बायकोला हे पटेना. "जाऊ द्या हो. म्हातारं माणूस. आणि कामाला ठेवलं म्हणून ते आपलंही दुकान बंद करतील, त्याचं काय?"

"करू देत. महिनाभर अर्धपोटी राहीन, पण याला स्लिपरवर जाताना बघीन."

"माझं कधी ऐकलंय तुम्ही?" ती म्हणाली आणि काजं करायला बसली.

शेवटी त्याने व्हिसाच्या कचेरीत फोन केलाच. त्याच संध्याकाळी साहेबांना म्हणाला, "उद्या सकाळी नक्की या बरं का. खूप बटणं पडलीत."

साहेबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नक्की येतो."

आले ते कोट घालून आणि बूट चकाचक पॉलिश करून. शिंपी चरफडला. रोज स्लिपर फटफटवत येणारा माणूस, नेमकं आजच नटायचं होतं याला.

दोन अधिकारी आत शिरले. दारापाशी बघे जमलेच.

"आजोबा, हे काय चाललंय?"

"बटणं लावतोय. रोजच लावतो," साहेब शांतपणे म्हणाले. "गिऱ्हाइकांची मापंही घेतो अधूनमधून."

शिंपी बघतच राहिला. म्हातारा स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेत होता. एक अधिकारी दुकान बंद ठेवण्याची नोटीस दाराला चिकटवायला लागला, तरी शिंप्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"व्हिसा?"

"रिटायरमेंटचा. पासपोर्ट मुलाकडे आहे."

"तो आम्ही घेऊ ताब्यात. चला, परत जावं लागेल तुम्हाला."

साहेब उठले. शिंपी वाटेत आडवा उभा राहिला.

"साहेब, ओळखलंत का मला?"

"पहिल्याच दिवशी. म्हणून तर तुझंच दुकान धरलं," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "आता मुलाला पासपोर्ट द्यावाच लागेल, आणि तिकीट सरकार काढेल. चाललो मी माझ्या घरी. पण एवढा डूख धरून बसला होतास, तर एक फोन करायला इतके दिवस कशाला लावलेस रे?"